बिऱ्हाड कोठे करावे?

(ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यात मालवण येथे केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा आम्हास फारशी शोधाशोध करावी लागली नाही. सेवानिवृत्तीनंतर आमच्या ओटीवर जी मंडळी येतात त्यांतील निम्मी एकच प्रश्न घेऊन येतात : "गुरुजी, मुंबयत घर खंय घेवचा?" लालबागची खोली अपुरी पडते, मुले दोन, बँक कर्ज देण्यास तयार आहे, आणि गावच्या जमिनीस गिऱ्हाईक आले आहे, हे सारे एका दमात सांगितले जाते. त्या प्रश्नाचा आज सविस्तर विचार करू.

आपल्या आजोबांपुढे हा प्रश्न नव्हता. ते आगबोटीने मुंबईस जात, गिरणगावात गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकीत, खानावळीत जेवीत आणि महिन्याची मनिऑर्डर न चुकता घरी पाठवीत. बायकामुले येथेच राहत. मुलांची शाळा म्हणजे गावची प्राथमिक शाळा, आणि पुढे येथील टोपीवाला किंवा भंडारी हायस्कूल. कमाई दूर होती, पण शाळा घराजवळ होती. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, पुढे एकामागून एक गिरण्यांचे भोंगे थांबले, आणि गिरणगावातील बिऱ्हाडे डोंबिवली, दिवा, बदलापूर, नालासोपारा, विरार अशी पांगली. आता घर, शाळा आणि भाकरी ही तिन्ही एकाच ठिकाणी साधावी लागतात.

घर पाहताना आपला माणूस आधी किंमत विचारतो, मग स्टेशन किती लांब ते विचारतो. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाल्यापासून आणखी एक प्रश्न वाढला आहे : चतुर्थीस गावी जाणारी गाडी तेथे थांबते काय? दिवा आणि पनवेल ह्यांवरील आपल्या लोकांच्या प्रेमाचे रहस्य ह्यात काही अंशी असावे. आम्ही ह्यास हसत नाही. गणपतीस गावी पोहोचणे हे आम्हासही महत्त्वाचेच वाटते. परंतु शाळेची आठवण मात्र प्रवेशाच्या महिन्यात होते, आणि तोवर करारावर सही झालेली असते.

जुन्या मुंबईकरांनी हा क्रम वेगळा ठेवला होता. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दादर-माटुंग्याकडे रुंद रस्त्यांच्या वसाहती आखल्या. तेथील हिंदू कॉलनीत किंग जॉर्ज शाळा नावारूपास आली. तीच आजचे राजा शिवाजी विद्यालय. पार्ल्याचे उदाहरण तर मनावर ठसावे असे आहे. लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी निवर्तले, आणि पुढच्याच वर्षी पार्लेकरांनी त्यांच्या नावाने विद्यालय काढले. पार्ले तेव्हा खेडेवजाच होते. शाळा उत्तम म्हणून पुढे लोक पार्ल्यात राहावयास आले, आणि लोक आले म्हणून शाळा वाढली. जागेच्या बाबतीत चित्रापूर सारस्वतांचा कित्ता गिरवण्याजोगा आहे. श्रीपाद सुब्राव तालमकी ह्यांच्या पुढाकाराने त्यांनी १९१५ साली गावदेवीस सहकारी गृहनिर्माण संस्था काढली. एकेकट्याने दलालाच्या दारी जाण्याऐवजी मंडळी एकत्र आली, जागा मिळवली आणि बिऱ्हाडे थाटली.

आता शाळा पारखावी कशी, हे सांगतो. ह्या एका बाबतीत तरी आमचा अधिकार आपण मान्य कराल. दहावीचा शंभर टक्के निकाल रंगीत फलकावर लिहिलेला असतो. त्यावर भुलू नये. नववीच्या पटावर किती मुले होती आणि त्यांतील किती दहावीस शाळेतर्फे बसली, हे विचारावे. काही ठिकाणी कच्च्या मुलास नववीतच अडकवतात, किंवा १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून बसण्याचा सल्ला देतात, आणि फलक स्वच्छ राहतो. आपला मुलगा हुशार असेल तर कोणतीही शाळा त्यास चालेल. तो मध्यम असेल तर त्यास सांभाळून घेणारी शाळा हवी, आणि बहुतेक मुले मध्यमच असतात. ही गोष्ट पालकांना पटवताना आमची नोकरी सरली.

शाळा कितव्या इयत्तेपर्यंत आहे आणि तिला मान्यता आहे काय, हे पाहावे. मान्य शाळेस अकरा अंकी यू-डायस क्रमांक असतो. तो मागण्यात संकोच कसला? शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक वर्गांत तीस मुलांमागे एक शिक्षक असावा लागतो. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असा दंडक आहे. पण अंतर नकाशावर मोजू नये. शाळा सुटण्याच्या वेळी स्वतः फाटकापाशी उभे राहावे आणि मुले घरी कशी जातात ते पाहावे. वाटेत रेल्वेचे रूळ किंवा महामार्ग ओलांडावा लागत असेल, तर ती शाळा जवळची नव्हे. चर्चगेटपासून विरार साठ किलोमीटर आहे. बाप सकाळी अंधारात निघून रात्री परतणार, तेव्हा मुलास आणणे-सोडणे आईवरच पडणार. म्हणून घर पसंत करताना तिचे मत आधी घ्यावे.

माध्यमाविषयी आम्ही भांडत नाही. मात्र घरात मालवणी, शाळेत इंग्रजी आणि शिकवणीत हिंदी, अशा तीन दगडांवर पाय ठेवलेले मूल पाहिले की आम्हास मराठी शाळेचे ओस पडलेले वर्ग आठवतात.

जमिनीचा प्रश्न अधिक जोखमीचा आहे, कारण त्यात आयुष्याची पुंजी गुंतते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीतील ६५ अनधिकृत इमारती पाडण्याचा आदेश दिला. बनावट परवानग्या दाखवून त्यांच्यासाठी महारेराचे नोंदणी क्रमांकही मिळवलेले होते. नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमी ह्यांसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर ४१ इमारती उभ्या होत्या. फेब्रुवारी २०२५ पर्यंत त्या जमीनदोस्त झाल्या. त्यांत राहणाऱ्यांनी पैसे मोजले होते, त्यांची मुले जवळच्या शाळांत जात होती. वर्ष संपण्यापूर्वीच दप्तरासह बाहेर पडण्याची पाळी आली. तेव्हा सातबारा अथवा मिळकत पत्रिका, बांधकामाची परवानगी, विकास आराखड्यातील आरक्षण आणि भोगवटा प्रमाणपत्र हे कागद विक्रेत्याने दिलेल्या छायाप्रतींवरून न पाहता महानगरपालिकेत आणि भूमी अभिलेख कार्यालयात जाऊन पडताळावेत. जुनी इमारत असेल, तर तिच्याखालील जमीन सोसायटीच्या नावे झाली आहे काय, हेही विचारावे. १९६३ च्या कायद्याने ती करून देणे विकासकावर बंधनकारक आहे. त्याने टाळाटाळ केल्यास सोसायटीस मानीव अभिहस्तांतरण मागता येते. हा शब्द बोजड खरा, पण ज्याच्या घरास तो लागू पडतो त्याने तो पाठ करावा.

आता गावच्या जमिनीस आलेल्या गिऱ्हाइकाविषयी. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपीचा विमानतळ सुरू झाला, महामार्ग रुंदावला, आणि आपल्या माळरानासही भाव आला. उपनगरातील घरासाठी शेवटचा गुंठाही विकू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. १९४८ च्या कूळकायद्याने शेतजमीन सामान्यतः शेतकऱ्यासच विकत घेता येते. सारे विकून बसलेल्यास पुढे परतावेसे वाटले, तरी वाट अवघड होते. सातबारावर काका, आत्या, चुलतभाऊ अशी नावांची माळ असेल, तर १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करावा. वाटप झाले की कोणाचा हिस्सा कोणता ते ठरते, आणि भावाभावांत दलाल शिरत नाही.

ज्याचे वेतन बेताचे आहे त्यास आम्ही वेगळेच सुचवतो. दहावीपर्यंत मुले इकडेच ठेवण्यास काय हरकत आहे? २०१२ साली कोकण विभागीय मंडळ झाले. तेव्हापासून दहावीच्या निकालात ते राज्यात सातत्याने अग्रभागी राहिले आहे. मे १९८१ मध्ये जिल्हा स्वतंत्र झाल्यापासून कुडाळ, कणकवली, ओरोस येथे शाळा-महाविद्यालयांची वाढ झाली, आणि आता ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. बाप मुंबईस आणि मुले गावी, ह्यात विरहाचे दुःख आहे, ते आम्ही नाकारीत नाही. पण दोन खोल्यांच्या हप्त्यापायी आईबाप दोघेही दिवसभर गाडीत आणि मूल शिकवणीत, हाही विरहच.

शेवटी संस्थेस एक सूचना. आपली कुटुंबे सर्व उपनगरांत पसरली आहेत. ज्यांची मुले तेथील शाळांत आहेत त्यांनी शाळेचे नाव, माध्यम, वर्गातील पट, शुल्क आणि घरापासूनची वाट एवढी माहिती संस्थेच्या कार्यालयास कळवावी. कार्यालयाने तिची वही ठेवावी आणि घर शोधणाऱ्यास ती विनामूल्य दाखवावी. ज्ञातीतील वकील व अभियंते ह्यांनी महिन्यातून एक रविवार कागद तपासून देण्यास द्यावा. दोघांनी तशी तयारी आजच आमच्यापाशी दर्शवली आहे. वहीचे काम आम्ही पाहू. पत्रे सुवाच्य अक्षरात असावीत, एवढीच विनंती.