फ्लूची लस : दुकानातून दंडापर्यंत

चांदवडच्या औषध दुकानात फ्लूची लस घ्यायला निघालात? मग लक्षात ठेवा, आपल्याकडे दुकानदार डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लस विकतो. टोचतात ती मात्र डॉक्टरांकडे. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच टिकते. म्हणून ती थंड डब्यातून न्या, पण गोठू देऊ नका.

फ्लूला हलक्यात घेऊ नका : २००९ साली स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला. फ्लूचा विषाणू सतत रूप पालटतो, म्हणून लस दरवर्षी घ्यावी लागते. संरक्षण मिळायला सुमारे २ आठवडे लागतात आणि पावसाळ्यात साथ बळावते. त्यामुळे गरोदर महिला, ज्येष्ठ, मधुमेही आणि दमेकऱ्यांनी पावसाआधीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. सरकारी रुग्णालयातही लसीची चौकशी जरूर करा.