खांदा धरला म्हणजे नेमकं काय झालं?

गटाच्या बैठकीत हप्ते, बचत, सह्या उरकल्या की उठता उठता जे बोलणं होतं, ते वहीत कुठेच लिहिलं जात नाही. आम्ही मात्र ते ऐकत असतो. त्यात एक वाक्य पुन्हा पुन्हा येतं, "खांदा धरलाय गं." मग कुणी म्हणतं वात आहे, कुणी म्हणतं चोळून घे, कुणी म्हणतं हात हलवूच नको.

अडचण अशी, की "धरलाय" या एका शब्दात चार-पाच निरनिराळी दुखणी असतात. एकीला हात हलवल्यानं बरं वाटतं, तर दुसरीचा हात हलवला की नुकसान होतं. म्हणून आज खांदाच समजून घेऊ.

उजवा हात डाव्या खांद्यावर ठेवा. गळ्यापासून खांद्याकडे जाणारं आडवं हाड लागतं ते हासळीचं. पाठीमागे पसरट, तिकोनी हाड आहे तो फरा. तिसरं दंडाचं हाड, त्याचं वरचं टोक गोल चेंडूसारखं असतं. खुब्याचा गोळा खोल वाटीत बसलेला असतो, पण खांद्याचा गोळा उथळ बशीला टेकलेला असतो. म्हणून तर आपला हात वेणीपर्यंत, पाठीपर्यंत, माळ्यापर्यंत सगळीकडे जातो. आणि म्हणूनच तो निखळतोही लवकर. त्या गोळ्याला जागेवर धरून ठेवतात फऱ्यावरून येणारे चार स्नायू. त्यांची टोकं चिवट दोरीसारखी असतात, त्यांना कंडरा म्हणतात. डॉक्टर या चौघांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. वर फऱ्याच्याच हाडाचं छप्पर आहे आणि मधल्या चिंचोळ्या जागेतून कंडरा सरकते.

आता आपली कामं आठवा. हंडा उचलून डोक्यावर घेणं, उसाची मोळी चढवणं, पाठीवर फवारणीचा पंप घेऊन तास न् तास दांडा हलवणं. कंडरा थकते, सुजते. मग हात बाजूनं वर नेताना मध्येच कळ येते, आणि पूर्ण वर गेला की कमी होते. त्या कुशीवर झोप लागत नाही. वय चाळिशीपुढे गेलं की कंडरा विरत जाते आणि फाटूही शकते. बांधावरून पडलात किंवा म्हशीनं दाव्याला हिसका दिला आणि त्यानंतर हात उचलताच येईना, तर हे दुखणं थांबण्यासारखं नाही. फाटलेली कंडरा आत ओढली जाते, स्नायू सुकत जातो. सुगी संपल्यावर दाखवू म्हणाल तर तोवर शिवणं अवघड होऊन बसतं.

आखडलेला खांदा, म्हणजे फ्रोझन शोल्डर, हे वेगळं. सांध्याभोवतीची पिशवी जाड होऊन आवळते. साधारण ४० ते ६० वयात येतो, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. आधी रात्रीची ठणक, मग हात जाम, मग हळूहळू मोकळा. याला वर्ष, दोन वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. साखर असलेल्यांना आणि थायरॉइडच्या बायकांना हा जास्त होतो. काहींना तर खांद्याच्या निमित्तानंच साखर असल्याचं कळतं. म्हणून खांदा आखडला तर रक्ताची साखर तपासाच. ३० वर्षांपुढच्यांची ती उपकेंद्रात मोफत तपासतात.

तपासणीला जाताना काय होतं हे माहीत नसलं की आपण अवघडून बसतो आणि डॉक्टरांना नुसतं "दुखतंय" सांगून गोळ्या घेऊन येतो. सैल बाहीचा ब्लाउज घालून जा, हवं तर सोबत एखादी बाई न्या. खांदा बघायला पदर बाजूला घ्यावा लागतो, दोन्ही खांदे ताडून बघावे लागतात. आधी विचारतील, कधीपासून, पडलात का, काय करताना दुखतं. तेव्हा आपल्या भाषेत सांगा, वेणी घालता येत नाही, मागचे हूक लागत नाहीत, वरच्या फळीवरचा डबा काढता येत नाही. यातून डॉक्टरांना नेमकी दिशा कळते. मग तुम्हाला हात उचलायला लावतात, नंतर तुम्ही सैल सोडलेला हात ते स्वतः उचलतात. तुम्हाला जमत नाही पण त्यांनी उचलला की जातो, तर दोष बहुधा स्नायूत किंवा कंडरेत. दोन्ही वेळा तिथंच अडला, तर सांधा आखडलाय. कोपर कमरेला चिकटवून पंजा बाहेरच्या बाजूला नेता येतो का, हेही बघतात. आखडलेला खांदा तिथं पहिला अडतो. एक्स-रेत हाडं दिसतात, कंडरा दिसत नाही. तिला सोनोग्राफी किंवा एमआरआय लागतो, पण तो प्रत्येकीला लागत नाही. नीट हातानं तपासणी झाल्याशिवाय महागड्या तपासणीसाठी गटातून कर्ज उचलू नका, हे आमचं स्पष्ट मत.

कधी दुखणं खांद्याचं नसतंच. कळ कोपराखाली उतरून बोटांना मुंग्या येत असतील तर मान तपासावी लागते. डाव्या खांद्यात किंवा हातात अचानक दुखून घाम फुटला, धाप लागली, छाती आवळली, तर तेल लावत बसू नका. १०८ ला फोन करा, हृदयाचं असू शकतं.

पडल्यावर खांद्याचा गोलवा जाऊन कडा वर आली तर गोळा निखळलाय. ओढून बसवायला कुणाकडे नेऊ नका. सोबत हाड मोडलेलं असू शकतं, शीर दबलेली असू शकते. ओढणीची झोळी करून हात आहे तसा छातीशी बांधा आणि एक्स-रे होईल अशा दवाखान्यात न्या.

आखडलेल्या खांद्याला मात्र रोजची हालचाल हवी. चांगल्या हातानं टेबल धरून वाका, दुखरा हात लोंबता सोडा आणि घड्याळाच्या लंबकासारखा हलवा. भिंतीवर बोटांनी मुंगीसारखं वर चढा, कालच्या खुणेच्या किंचित वर. गरम पाण्यानं शेकून मग केलं तर सोपं जातं. ताण जाणवावा, पण रात्री ठणका वाढला तर दुसऱ्या दिवशी कमी करा. आणि हंडा तेवढे दिवस घरातल्या दुसऱ्या कुणाला उचलू द्या, तो गडीमाणूस असला तरी चालेल.