तिसरा दिवस

राजगड-तोरणा ही जोडी पुण्यातल्या भटक्यांना नवी नाही. गुंजवण्यातून राजगड चढायचा, दुसऱ्या दिवशी डोंगरधारेनं तोरणा गाठायचा आणि वेल्ह्यात उतरून एसटी पकडायची. २०१८ च्या नोव्हेंबरात मी आणि माझ्या मुलीनं त्यात आणखी एका दिवसाची भर घातली. वेल्ह्याहून पायीच गुंजवण्याला परतायचं, फेरा पुरा करायचा. मी तेव्हा पन्नाशीला टेकलो होतो.

पहिल्या सकाळी गुंजवण्यात चहा घेतला. मावशींकडे पाचशेची मोड नव्हती. "येताना द्या," म्हणाल्या.

चोरदरवाजाची चढण कशीबशी सोसली. दुसऱ्या दिवशीची धार मात्र संपेना. अळू दरवाजातून उतरलं की दोन्ही अंगांना उतार, डोक्याइतकी कारवी आणि वर ऊन. शिवरायांनी १६४६ च्या सुमारास तोरणा घेतला, पुढं राजगडावर पंचवीसेक वर्षं राजधानी होती, हे शाळेत घोकलेलं. या दोन गडांमधून खलिता घेऊन धावणाऱ्याचे पाय कसले असतील, हे तिथं कळलं. भुतोंड्याचा डांबरी रस्ता ओलांडेपर्यंत माझी बाटली रिकामी. मुलीनं तिचं पाणी पुढं केलं. "मला तहान नाही, अब्बा." लहानपणी रोजा धरला की असंच खोटं बोलायची. बुधला माची चढताना गुडघा बोलू लागला.

रात्र तोरण्यावर मेंगाईच्या देवळात काढली. सकाळी वेल्ह्यात उतरलो तर पुण्याची गाडी उभीच! मी पायरीवर पाय ठेवलाही.

"मग मावशींचे वीस रुपये?" मुलगी म्हणाली.

उतरलो. सपाट रस्ता, त्यात काय बघायचं, म्हणून हा टप्पा सगळे टाळतात. मला विचाराल तर बघण्यासारखं तिथंच होतं. वरून नुसते पिवळे चौकोन दिसलेल्या खाचरांत माणसं भात झोडत होती. एक आजी म्हणाल्या, "पाव्हणं, गाडी चुकली का?" मान वर केली तर संजीवनी माचीपासून बुधल्यापर्यंत अख्खी धार आभाळाला टेकलेली. तिथून आपण चालत आलो, यावर माझाच विश्वास बसेना. मुलगी मात्र बोटानं एकेक जागा दाखवत होती. पाणी संपलेली जागाही तिला नेमकी आठवत होती.

गुंजवण्यात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती.

"आलात होय!" मावशी म्हणाल्या. "मला वाटलं, वेल्ह्यातनंच गेला असाल."

वेल्ह्यात मुद्दाम सुटे करून घेतलेले वीस रुपये मी त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी लगेच पुन्हा दोन कप भरले. आता माझ्याकडचे सुटे संपले होते.