तीन मतांचा अध्यक्ष



दर 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, मराठवाड्यातल्या प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी झेंडावंदन होते आणि त्यानंतरचे भाषण ठरलेले असते. निजामाची राजवट जुलमी होती, रझाकार क्रूर होते आणि मराठवाडा एकदिलाने लढला. यातली पहिली दोन वाक्ये खरी आहेत. तिसरे साफ खोटे आहे, आणि गेल्या पाऊणशे वर्षांत ते इतक्या वेळा म्हटले गेले आहे की पक्षात भांडणारा माणूस इथे आपोआप घरभेदी ठरतो. आजचे अध्यक्षीय भाषण त्या तिसऱ्या वाक्याच्या विरोधात आहे. साहित्याच्या मंडपात राजकारण नको, अशी सूचना ज्यांनी प्रेमाने केली, त्यांना ते आवडणार नाही.

सुरुवात याच परभणी जिल्ह्यातून व्हावी. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन 1937 मध्ये परतूरला भरले. अध्यक्ष होते गोविंदराव नानल. परतूर आज जालना जिल्ह्यात आहे, पण जालना जिल्हा झाला 1981 मध्ये. तोवर परतूर परभणीचे होते. म्हणजे मराठवाड्याच्या राजकीय चळवळीची पहिली सतरंजी याच मातीवर अंथरली गेली. त्या सतरंजीवर बसलेली माणसे एका मताची नव्हती. निजामाच्या छत्राखाली जबाबदार राज्यपद्धती मिळाली तरी पुरे, असे मानणारे वकील आणि वतनदार तिथे होते. एवढ्याने भागणार नाही, असे म्हणणारे तरुणही होते. पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली, ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला आणि गांधीजींच्या सल्ल्याने डिसेंबरात तो थांबवलाही गेला. त्याच वेळी आर्य समाज आणि हिंदू महासभेचा वेगळा सत्याग्रह चालू होता आणि दोन्हींची सरमिसळ होण्याचे भय होते. ज्यांनी तुरुंगात जायची पिशवी भरून ठेवली होती, त्यांना ही माघार बोचली. जहाल आणि मवाळ हा भेद त्या दिवसापासून स्टेट काँग्रेसच्या पोटात बसला.

बंदी उठली 1946 च्या जुलैत. मग अध्यक्षपदाची निवडणूक झाली. एका बाजूला स्वामी रामानंद तीर्थ. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि अंबाजोगाईला शिकवलेला हा संन्यासी मास्तर, आणि त्याच्या पाठीशी गोविंदभाई श्रॉफांसारखे मार्क्स वाचलेले तरुण. दुसऱ्या बाजूला बुर्गुल रामकृष्णराव, अनेक भाषा जाणणारे, तोलून बोलणारे नामांकित वकील. मवाळांच्या मते स्वामीजींचा गट कम्युनिस्टांच्या वळचणीला गेलेला होता, आणि जहालांच्या मते रामकृष्णरावांचा गट दरबाराच्या. मते मोजली. स्वामीजी निवडून आले ते तीन मतांनी.

फक्त तीन मतांनी! हा आकडा एकाही झेंडावंदनाच्या भाषणात येत नाही. तीन माणसांनी हात दुसऱ्या बाजूला वर केला असता तर 7 ऑगस्ट 1947 चा ‘भारतात सामील व्हा’ दिन तसाच पाळला गेला असता का, हा प्रश्न विचारायला मराठवाड्याच्या इतिहासलेखकाला लाज वाटते. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट मोजणीनंतर घडली. हरलेले रामकृष्णराव काँग्रेसमध्येच राहिले आणि भांडतही राहिले. 1952 मध्ये हैदराबाद राज्याचे पहिले निवडून आलेले मुख्यमंत्री तेच झाले. स्वामीजी त्या वर्षी गुलबर्ग्याहून लोकसभेत गेले. 1946 मध्ये जिंकलेला खासदार आणि हरलेला मुख्यमंत्री, तेही एकाच पक्षात. पक्षाची प्रकृती ठीक असल्याचा याहून मोठा दाखला शोधून सापडणार नाही.

अर्थात सगळेच गोड झाले नाही. गोविंदभाई आणि त्यांचे सोबती निजामाची राजवट संपवणाऱ्या पोलीस कारवाईनंतर काँग्रेसबाहेर पडले आणि 1950 मध्ये त्यांनी ‘लीग ऑफ सोशालिस्ट वर्कर्स’ काढली. ज्यांनी सरहद्दीवरच्या छावण्या चालवल्या, त्यांच्यातल्या अनेकांना सत्तेच्या काँग्रेसमध्ये जागा उरली नाही. परभणीच्या मतदाराने त्याचा हिशेब लगेच चुकता केला. 1952 च्या पहिल्या लोकसभेत या मतदारसंघाने शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे पाठवले. शेकाप तरी कुठून आला? काँग्रेसच्याच पोटातून. केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे यांना पक्षात राहून शेतकऱ्यांचे गाऱ्हाणे मांडता येईना, तेव्हा ते बाहेर आले. परभणीने पहिला खासदार निवडला तोच मुळी एका फुटीचा वारस.

आता त्याच काळातल्या दुसऱ्या संघटनेकडे पाहावे. मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन 1927 मधली. बहादूर यार जंग 1944 मध्ये वारले, त्यानंतर अबुल हसन सय्यद अली अध्यक्ष झाले. ते तुलनेने नेमस्त होते. 1946 मध्ये त्यांना जावे लागले आणि लातूरचा वकील कासीम रझवी त्या खुर्चीवर बसला. रझवीला कोणी आकाशातून टाकले नव्हते. तो संघटनेच्या वाटेनेच वर आला. फरक पुढे दिसतो. 27 ऑक्टोबर 1947 च्या पहाटे, दिल्लीला वाटाघाटीसाठी निघालेले निजामाचे पंतप्रधान छतारीचे नवाब आणि त्यांचे सहकारी यांच्या घरांना हजारोंच्या जमावाने वेढा घातला. शिष्टमंडळ निघू शकले नाही. छतारी गेले, मीर लायक अली आले. ऑगस्ट 1948 मध्ये सात मुस्लिमांनी पत्रक काढून रझवीच्या रझाकारांना आवरा असे सुचवले. ‘इमरोज’चा तरुण संपादक शोएबुल्ला खान याने ते छापले. त्याच महिन्यात हैदराबादेत रात्री घरी परतताना त्याचा खून झाला. महिनाभरात फौजा आल्या आणि रझाकारांचा खेळ पाच दिवसांत आटोपला. भोगले मात्र मराठवाड्यातल्या सामान्य मुसलमानाने, ज्याला रझवीने कधी काही विचारलेच नव्हते.

दोन्ही संघटनांत जहाल जिंकले. एकीत हरलेल्याला खुर्ची मिळाली, दुसरीत वेगळे बोलणाऱ्याच्या घराला वेढा पडला.

जहाल आणि मवाळ हे शब्द ज्या भांडणाने मराठीत रुळवले, ते भांडणही इथे आठवायला हवे. डिसेंबर 1907 मधले सुरतेचे काँग्रेस अधिवेशन नागपूरला व्हायचे होते. तिथे टिळकांचे बळ दिसू लागल्यावर फिरोजशहा मेहतांच्या गटाने ते सुरतेला हलवले. टिळक व्यासपीठावर चढले, त्यांना बोलू देईनात, आणि मग तो प्रसिद्ध मराठी जोडा मंडपातून भिरभिरत आला आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी व मेहतांना लागला. जोड्याची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. त्यानंतर मवाळांनी वेगळी बैठक भरवली, आणि 1908 मध्ये अलाहाबादेत अशी घटना केली की जहालांना आत येण्याची वाटच राहू नये, ती गोष्ट कोणी सांगत नाही. टिळक मंडालेला गेले, काँग्रेस नऊ वर्षे निस्तेज पडली आणि 1916 ला लखनौमध्ये पुन्हा जोडली गेली. जोडा फेकणाऱ्याने पक्ष मोडला, असे शाळेत शिकवतात. मते मोजू न देणाऱ्यांनी तो आधीच मोडला होता.

आता मंडपाच्या पहिल्या रांगेतल्या मंडळींसाठी. परभणीला शिवसेनेचा बालेकिल्ला म्हणतात. 1989 मध्ये अशोकराव देशमुख सेनेच्या पाठबळावर लोकसभेत गेले, 1991 मध्ये धनुष्यबाणावर. एक 1998 चा अपवाद सोडला तर त्यानंतर ही जागा सेनेच्याच घरात राहिली. पण त्या घरातून माणसेही सारखी निघून जात होती. देशमुख काँग्रेसमध्ये गेले. तुकाराम रेंगे पाटील 2008 च्या विश्वासदर्शक ठरावावेळी पक्षाचा आदेश डावलून मतदानापासून दूर राहिले आणि पुढे काँग्रेसमध्ये गेले. बाणावर निवडून यायचे आणि दुसऱ्या दाराने बाहेर पडायचे, हे परभणीचे वैशिष्ट्यच होऊन बसले.

याचे कारण माणसांच्या लोभात शोधणे सोपे आहे, आणि लोभ होताच. पण जिल्हाप्रमुख कोण ठरवतो? मुंबई. संपर्कप्रमुख कुठून येतो? मुंबईहून. एबी फॉर्म कोणाच्या हातात असतो? शाखाप्रमुखाने वीस वर्षे भिंती रंगवल्या, सतरंज्या उचलल्या, केसेस अंगावर घेतल्या, तरी त्याला हात वर करून मत द्यायची वेळ कधी येत नाही. जो घरात बोलू शकत नाही तो शेवटी दार उघडून जातो. ऑगस्ट 2020 मध्ये खासदार संजय जाधवांनी जिंतूर बाजार समितीवरच्या प्रशासकांच्या नेमणुकीवरून पक्षप्रमुखांना राजीनाम्याचे पत्र पाठवले. बाजार समितीचा प्रश्न आणि त्यासाठी थेट खासदारकीचा राजीनामा! मधे एकही पायरी नव्हती म्हणून हे घडले. एक गोष्ट त्यांच्या खात्यावर जमा करायलाच हवी: 2022 च्या फुटीत ते मूळ नेतृत्वाबरोबर राहिले आणि 2024 मध्ये पुन्हा निवडून आले.

घरात बोलू न देण्यासाठी बाहेर शत्रू लागतो. ‘खान की बाण’ हा प्रश्न मराठवाड्यात निवडणुकांमागून निवडणुका विचारला गेला. प्रत्येक निवडणूक असे धर्मयुद्ध झाली की पाण्याचे काय, कापसाचे काय, तिकीट कोणी आणि कसे वाटले, असे विचारणारा गद्दार ठरतो. या शब्दाची किंमत ठाण्याने 1989 मध्ये पाहिली. महापौरपदाच्या निवडणुकीत सेनेची मते फुटली आणि नगरसेवक श्रीधर खोपकरांवर संशय घेतला गेला. त्यांचा खून झाला. आनंद दिघे यांना टाडाखाली अटक झाली, आणि 2001 मध्ये दिघे गेले तेव्हाही त्या खटल्याचा निकाल लागलेला नव्हता. खून कोणी केला हे ठरवणे न्यायालयाचे काम होते. पण एका गुप्त मताच्या संशयाला गावभर गद्दारीचे नाव देणे, हे पक्षाच्या भाषेचे काम होते.

त्या भाषेची परतफेड 2022 च्या जूनमध्ये झाली. एकनाथ शिंदे आमदार घेऊन सुरतेला गेले. होय, सुरतेलाच! कोणता गट खरा हे ठरवताना निवडणूक आयोगाने 17 फेब्रुवारी 2023 च्या आदेशात पक्षाची घटना तपासली. 1999 मध्ये आयोगाच्या आग्रहावरून आणलेल्या लोकशाही तरतुदी 2018 च्या दुरुस्तीत निघून गेल्याची नोंद करून, ती घटना कसोटीला वापरता येत नाही असे आयोगाने म्हटले. मग उरली आमदार-खासदारांची डोकी: 55 पैकी 40 आमदार आणि 18 पैकी 13 खासदार शिंद्यांकडे. नाव आणि चिन्ह तिकडे गेले. आयोगाच्या निवाड्यावर वाद आहे आणि तो घालायलाही हवा. पण शाखेशाखेत मतदान झाल्याचे रजिस्टर कोणत्याच गटाला टेबलावर ठेवता आले नाही, यावर वाद कसा घालणार?

इतर पक्षांनी हसू नये. काँग्रेसने 2022 मध्ये अध्यक्षपदाची लढत घेतली: मल्लिकार्जुन खर्गे 7897, शशी थरूर 1072. ही लढत 22 वर्षांनी झाली. भाजपला तर 1980 पासून राष्ट्रीय अध्यक्षासाठी मतपेटी उघडण्याचा प्रसंगच आलेला नाही. नाव आधी ठरते, अर्ज एकच येतो.

आणि साहित्यिकांनी तर मुळीच हसू नये. 1995 मध्ये याच परभणीत 68 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, अध्यक्ष नारायण सुर्वे. तेव्हा संमेलनाध्यक्ष निवडणुकीने ठरत असे. त्या निवडणुकीत गट होते, फोनाफोनी होती, मतपत्रिका गोळा करण्याचे उद्योगही होते. ते किळसवाणे वाटले म्हणून साहित्य महामंडळाने 2018 मध्ये निवडणूकच काढून टाकली आणि सन्मानाने निवड सुरू केली. रोग जायला हवा होता, रोगीच उचलून नेला. या पद्धतीचे पहिले संमेलन जानेवारी 2019 मध्ये यवतमाळला झाले. त्याच संमेलनात उद्घाटक नयनतारा सहगल यांचे आमंत्रण धमक्यांपुढे मागे घेतले गेले. निवडणूक नको म्हणणाऱ्या संस्थेला झुंडीपुढे उभे राहायला पाय नव्हते, हे तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

आजच्या या व्यासपीठाचा अध्यक्षही काही मतदानाने आलेला नाही. चार जणांनी फोनवर नाव ठरवले आणि कार्यक्रमपत्रिकेत ‘एकमताने’ असे छापले. दोघांना दुसरे नाव हवे होते, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. ते दोघे आज मंडपात मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीजवळ बसले आहेत. त्यांना पुढे बोलवावे.

संध्याकाळच्या खुल्या अधिवेशनात ठराव मांडले जातील. मराठी शाळांचा, गावोगावच्या ग्रंथालयांच्या अनुदानाचा, आणि शेवटी नेहमीचा आभाराचा. सूत्रसंचालक सवयीने विचारतील, ‘मंजूर?’ आणि टाळ्या पडतील. आज टाळ्या थांबवाव्यात. बाजूने किती हात, विरोधात किती, कोण तटस्थ, हे मोजून कार्यवाहांनी इतिवृत्तात लिहावे, आणि ज्याचा हात विरोधात गेला त्यालाच पुढच्या वर्षीच्या संयोजन समितीत पहिले घ्यावे. पहिला ठराव सहा वाजता आहे.