एक हजार एकावी रात्र

एखादी ग्रंथमाला वाचून संपली म्हणजे वाचकाला समाधान वाटतें किंवा हुरहूर लागते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. आमच्या घरीं मात्र अशा समाप्तीच्या रात्रीं चक्क भांडण झालें. भांडणारीं दोघें, मी आणि माझी वडील बहीण. दोघांचेंही वय साठीच्या पलीकडचें. आणि भांडणाचा विषय, एका काल्पनिक राजानें आपल्या राणीला केलेली क्षमा!

आम्ही तळेगांव दाभाडे येथें राहतों. गेल्या पावसाळ्यांत आक्काच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाली आणि तिला वाचनाची मनाई झाली. मावळांतला पाऊस एकदां धरला म्हणजे सहसा उघडत नाहीं; त्यांत पुस्तक हातीं नाहीं, म्हणजे तिच्यासारखीला ती शिक्षाच. तेव्हां रात्रीं जेवणें आटोपल्यावर मीं तिला वाचून दाखवावें असें ठरलें. ग्रंथ तिनेंच निवडला : गौरी देशपांडे यांनीं रिचर्ड बर्टनच्या इंग्रजी ग्रंथावरून मराठींत उतरविलेल्या अरबी रात्रींच्या कथा. पुण्याचे एक स्नेही लोणावळ्याच्या लोकलनें येतांना एकेक खंड आणीत आणि वाचून झालेला घेऊन जात. पुढचा खंड यावयास उशीर झाला कीं आक्का त्या राजासारखीच अस्वस्थ होई.

मराठी माणसाला या कथा नव्या नाहींत. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं ‘अरबी भाषेंतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ लिहावयास आरंभ केला. पुढें त्या कामाला त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री आणि हरि कृष्ण दामले यांचे हात लागले. एका पिढीनें आरंभिलेली गोष्ट दुसरीनें पुढें न्यावी, हें या ग्रंथाला शोभतेंच. ज्या बर्टनवरून गौरीबाईंनीं भाषांतर केलें, तोही आपल्याला सर्वस्वीं परका नव्हे. तो मुंबई इलाख्याच्या लष्करांत होता आणि इतर देशी भाषांबरोबर त्यानें मराठीचीही परीक्षा दिली होती. त्याच्या भाषांतराचे मूळ दहा खंड १८८५ मध्यें निघूं लागले, आणि त्यांना आधार होता तो मुख्यतः कलकत्त्यास १८३९ ते १८४२ या काळांत छापलेल्या अरबी प्रतीचा. बर्टननें पुढें पुरवणीचे आणखी खंड काढले. पण ज्या खंडांत एक हजार एकावी रात्र सरते, तोच आमच्या लेखीं अखेरचा.

कथेचें सूत्र आपणांस ठाऊकच आहे. पत्नीच्या व्यभिचारानें पिसाळलेला राजा शहरयार रोज एका कुमारिकेशीं लग्न करतो आणि सकाळीं तिचा शिरच्छेद करवितो. असें तीन वर्षें चालतें. मग वजिराची मुलगी शहरजाद आपण होऊन पुढें होते, आणि धाकटी बहीण दुनियाजाद हिच्या मदतीनें रोज रात्रीं गोष्ट अर्धी ठेवून एकेक दिवस मिळविते.

तिची शेवटची गोष्ट मारूफ चांभाराची. त्यांत नवऱ्याचा छळ करणारी कजाग फातिमा आहे, आणि नवऱ्याला संकटांतून सोडविणारी शहाणी राजकन्याही आहे. स्त्रीजातीवर उठलेल्या राजाला शहरजाद अखेरीस ‘सर्व स्त्रिया देवता आहेत’ असें सांगत नाहीं. चांगली आणि वाईट, दोन्ही त्याच्यापुढें उभ्या करते. हजार रात्रींनंतर तेवढा विवेक त्याला आला असावा, असा तिचा भरंवसा. येथवर आमच्या दोघांचें एकमत होतें.

गोष्ट संपते. शहरजाद भूमीचें चुंबन घेते आणि एक वर मागते. दाया तिचीं तीन मुलें आणतात. एक चालणारें, एक रांगणारें, एक अंगावर पिणारें. या लेंकरांसाठीं मला जीवदान द्यावें, अशी ती विनवणी करते. राजाच्या डोळ्यांत पाणी येतें आणि तो सांगतो कीं, हीं मुलें येण्यापूर्वींच, तुझें शील पाहून मीं तुला क्षमा केली होती.

मला हा प्रसंग अत्यंत हृद्य वाटला. मीं पुस्तक मिटलें आणि म्हणालों, “पाहिलंस, आक्का? मुलांसाठीं नव्हे, तिच्या गुणांसाठीं सोडलं त्यानं तिला.”

आक्का थोडा वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, “मग तिला सांगितलं कां नाहीं?”

“म्हणजे?”

“अरे, आधींच क्षमा केली होती ना? मग ती बिचारी रोज रात्रीं मान तलवारीखालीं ठेवून गोष्टी सांगत होती, तें हा बघत बसला? मनांत ठेवलेली क्षमा तिच्या काय कामाची?”

मीं राजाचें वकीलपत्र घेतलें. दुखावलेलें मन एका दिवसांत बरें होत नाहीं, त्याचें त्यालाही हें उमगलें नसेल, असें पुष्कळ बोललों. आक्का हटेना. पुढें त्याच समाप्तींत राजाचा भाऊ शाहजमान दुनियाजादेशीं लग्न लावतो; आणि त्यानेंही तीन वर्षें तेंच क्रौर्य केल्याचें स्वतःच्या तोंडानें सांगतो. त्यावर आक्का म्हणाली, “आणि त्या मेलेल्या मुलींच्या आयांची क्षमा कुणी मागायची?” याला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें, म्हणून मी चिडलों, आणि दिवा मालवून निजावयास गेलों.

झोंप मात्र आली नाहीं. आमचे वडील अकालीं गेले तेव्हां आक्का कॉलेजांत होती. तिनें शिक्षण सोडलें, नोकरी धरली आणि मला शिकविलें. स्वतःच्या लग्नाचा विषय तिनें पुढें कधीं काढलाच नाहीं. तिच्याविषयीं माझ्या मनांत अपार कृतज्ञता आहे, असें मी आजवर समजत आलों. पण ती मनांतच! चाळीस वर्षांत एकदांही मीं तें उच्चारलें नव्हतें. ‘तिला ठाऊक असेलच’ असें मी म्हणत आलों. शहरयारानें तरी दुसरें काय केलें?

दुसऱ्या दिवशीं आक्का ओसरीवर अळूचीं पानें पुसत बसली होती. मी समोर बसलों आणि कसेबसें, अडखळत, बोललों. तिनें हातांतलें पान पुरें पुसलें, बाजूस ठेवलें आणि म्हणाली, “एवढा उशीर लागतो होय रे एक वाक्य बोलायला!” तिचे डोळे मात्र ओले होते, शस्त्रक्रियेमुळें असतील, असें म्हणून तिनें पदर लावला.

मग मीं तिला दुसरा एक शेवट सांगितला. युरोपला या कथांची प्रथम ओळख करून दिली ती फ्रेंच भाषांतरकार गालाँ यानें, १७०४ ते १७१७ या काळांत. त्याच्या समाप्तींत मुलांचा उल्लेख नाहीं. सुलतान आपण होऊन शहरजादेची बुद्धि आणि धैर्य मान्य करतो, आणि अनेक मुलींचे प्राण वांचविणारी म्हणून तिला तोंडावर मान देतो. आक्काला हा शेवट अधिक पसंत पडला. “मुलं झालीं काय, न झालीं काय,” ती म्हणाली, “माणसाला जगायचा हक्क त्याच्या स्वतःच्या गुणावर मिळावा.”

श्रोतेहो, दोहोंतला कोणता शेवट श्रेष्ठ, याचा निर्णय पंडितांनीं करावा. मला बर्टनचा शेवट आजही मोठा वाटतो. पण तो राजाच्या अश्रूंमुळें नव्हे. तो वाचल्यावर आक्कानें जो प्रश्न विचारला, त्यामुळें. आपल्या घरींही कोणी तरी वर्षानुवर्षें रोजची रात्र निभावून नेत असेल, आणि तिच्याविषयीं आपण मनांत कांहीं चांगलें बाळगून असूं. तें आज रात्रींच बोलून टाकावें. एक हजार एकाव्या रात्रीची वाट पाहूं नये.

आक्काचे डोळे आतां बरे झाले आहेत. तिनें पहिला खंड पुन्हां मागविला आहे. या वेळीं ती वाचणार आणि मी ऐकणार.