दिवाळीपूर्वीची परसबाग

(केंद्र-संमेलनात शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



परसबागेचा विषय कार्यक्रमपत्रिकेत नेहमी शेवटी असतो, तसा तो आजही आहे. पाऊस ओसरू लागला आहे, घटस्थापना तोंडावर आली आहे, आणि हिवाळी भाजीपाल्याची तयारी करावयाची ती याच दिवसांत. वाफे कसे बांधावेत हे खेड्यात वाढलेल्या आपणांस मी शिकवावे असे नाही. मला बोलावयाचे आहे ते या तयारीच्या मध्येच येणाऱ्या दिवाळीच्या सुटीविषयी.

नोकरीच्या प्रारंभीच्या वर्षांत मी एका दोनशिक्षकी शाळेत होतो. तपासणी दिवाळीपूर्वी होणार होती, म्हणून मी सुटीच्या आधीच्या आठवड्यात सारे वाफे एकदम पेरून घेतले. प्रत्येक वाफ्यावर मुलांच्या नावाची पाटी लावली. बाग देखणी दिसली, शेराही चांगला मिळाला. मग फाटकास कुलूप लावून मी गावी गेलो. परत येऊन पाहतो तो कोवळे कोंब जागच्या जागी वाळलेले. चौथीतला एक मुलगा माझ्याजवळ येऊन म्हणाला, "गुरुजी, मी तांब्या घेऊन तीन दिवस आलो होतो. कुलूप होतं." त्याच्या स्वरात तक्रार नव्हती, पण त्यानंतर बागेच्या तासाला तो मागेच उभा राहू लागला. वाफा तुझा आहे असे मी त्याला सांगितले होते, आणि किल्ली माझ्या खिशात होती.

तेव्हा प्रथम हिशेब तिथींचा करावा. घटस्थापनेपासून दिवाळीच्या अमावास्येपर्यंत जवळजवळ महिना मिळतो. मेथी तीन-चार दिवसांत उगवते व पंचवीस ते तीस दिवसांत काढणीस येते. जमिनीस वाफसा असेल तर घटाबरोबरच मेथी पेरावी. ती सुटीच्या सुमारास मुलांच्या हाती पडते. मुळ्यास चाळीस-पंचेचाळीस दिवस लागतात, परंतु सुटी लागेपर्यंत तो मूळ धरून बसलेला असतो, त्यामुळे एखाद्या पाळीची उणीव सोसतो. लसणाच्या पाकळ्याही टोक वर ठेवून याच काळात लावाव्यात. पालक आणि कोथिंबीर यांचे बी उगवण्यास आठ ते बारा दिवस ओल सतत लागते. म्हणून ही पेरणी दसऱ्याच्या आत उरकावी, नाहीतर सरळ सुटीनंतर करावी; सुटीच्या आदल्या आठवड्यात मात्र करू नये. धने पेरण्यापूर्वी हलके रगडून त्यांच्या दोन डाळी कराव्यात. टोमॅटो, वांगी व कोबी यांची रोपे गादीवाफ्यावर चार-पाच आठवड्यांची होऊ द्यावीत आणि शाळा उघडल्यावर लावावीत. घाईने लावलेले रोप सुटीत मरते, हे मी अनेक शाळांत पाहिले आहे.

काळ्या जमिनीत वाफसा येण्याची वाट पाहणे हे मोठे कठीण काम. चिखलात कुदळ घातली की ढेकळे बनतात व ती पुढे हंगामभर फुटत नाहीत. मातीची मूठ वळून सोडावी. ती भुसभुशीत होऊन विखुरली तर काम सुरू करावे. शेणखत पूर्ण कुजलेलेच घ्यावे, ताज्या शेणाने वाळवी व हुमणी येते. पावसाळी गवत उपटून जाळू नये. बी धरण्यापूर्वी ते काढून वाळवावे आणि मुळ्याच्या व लसणाच्या ओळींमध्ये पसरावे. या आच्छादनाने ओल टिकते, आणि सुटीत तेच आपल्या उपयोगी पडते. थंडीत मावा दिसू लागला तर अर्धा किलो निंबोळीची पूड दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून फवारावी.

घटाचे धान्य मुलांनी घरी पाहिलेले असते. त्याच आठवड्यात मेथीचे शंभर दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवावेत व किती उगवले ते मोजू द्यावे. शेकडेवारीचा धडा त्यातच होतो आणि बी चांगले की वाईट तेही पेरणीपूर्वी कळते.

शालेय पोषण आहारात प्राथमिक वर्गाच्या प्रत्येक मुलामागे रोज 50 ग्रॅम भाजी धरलेली आहे. चाळीस मुलांच्या शाळेस म्हणजे रोज दोन किलो. चार वाफ्यांची बाग इतकी भाजी हिवाळाभर पुरवू शकणार नाही, आणि तशी नोंद वहीत करण्याची गरजही नाही. जितकी निघेल तितकी मुलांनी तराजूवर तोलावी, स्वतःच लिहावी, आणि ती शिजून त्यांच्याच ताटात यावी. मेथीची पहिली जुडी पाहुण्यांच्या पिशवीत जाऊ नये. माझ्याही जाऊ नये. आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो. उशिरा आलेल्या अगर गृहपाठ न केलेल्या मुलास वाफा खणावयास लावण्याची जुनी खोड अजून काही ठिकाणी शिल्लक आहे. ज्या कुदळीस मूल शिक्षा म्हणून ओळखते, ती कुदळ ते आनंदाने कसे उचलील?

आता सुटीतील पाण्याविषयी. शाळेजवळ राहणाऱ्या मुलांच्या जोड्या पालकांस विचारून ठरवाव्यात; एका जोडीस दोन दिवसांहून अधिक पाळी देऊ नये, कारण सण त्यांचाही आहे. विहिरीवर मुलांस पाठवू नये. हातपंप किंवा नळ नसेल तेथे पिंप भरून ठेवण्याचे काम शाळा व्यवस्थापन समितीतील एखाद्या सभासदाने पत्करावे. किल्ली आहार शिजवणाऱ्या ताईंकडे किंवा शेजारच्या घरी असावी, आणि ती कोठे आहे हे प्रत्येक मुलास ठाऊक असावे.

सुटीनंतरच्या भेटीत मी वाफे पाहीनच, परंतु त्याआधी चौथीच्या मुलांस किल्ली कोणाकडे होती ते विचारीन.