एक कुलूप, अनेक किल्ल्या

तीस वर्षांहून अधिक काळ मीं शाळेंत अध्यापन केलें. त्यांतील बरींच वर्षें माझ्या कोपरांवर चंदेरी खवल्यांचे लाल चट्टे असत. "मास्तरांचा रोग पोराला लागेल," म्हणून एका पालकानें आपल्या मुलास शेवटच्या बांकावर बसवून घेतलें. तो विकार सोरायसिस होता, आणि सोरायसिस स्पर्शानें लागत नाहीं. शरीराची रोगप्रतिकारक व्यवस्था विनाकारण खवळते, त्याचा तो परिणाम असतो.

डॉक्टरांनीं मला दगडी कोळशाच्या डांबराचें मलम दिलें. वास उग्र, सदऱ्याला डाग पडत. पण गुण येई. अमेरिकेंत गोकरमन यांनीं १९२५ सालींच डांबर व अतिनील किरण यांचा उपचार प्रसिद्ध केला होता. गुण कां येतो, याचा उलगडा मात्र फार उशिरां होऊं लागला.

आपल्या पेशींत ॲरिल हायड्रोकार्बन रिसेप्टर नांवाचें एक प्रथिन असतें. तें कुलुपासारखें समजावें. जुळणारें रसायन त्यांत बसलें, कीं तें पेशीच्या केंद्रांत शिरतें आणि अनेक जनुकांचें कार्य बदलतें. त्यांत दाह आवरणारीं व त्वचेचें आवरण बळकट करणारीं जनुकेंही येतात. कोबीसारख्या भाज्या खाल्ल्यावर पोटांत तयार होणारीं कांहीं द्रव्यें हेंच कुलूप उघडतात. इसबाच्या त्वचेंत डांबरही याच प्रथिनास जागें करतें, असें २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसून आलें.

किल्ली मात्र पारखून घ्यावी लागते. इटलींतील सेवेसो गांवाजवळ १० जुलै १९७६ रोजीं एका कारखान्यांतून डायॉक्सिन हवेंत पसरलें आणि अनेक मुलांच्या अंगावर वाईट पुटकुळ्या उठल्या. हें विषही याच प्रथिनास चिकटतें. शिवाय तें शरीरांत वर्षानुवर्षें टिकून राहतें.

उलट, जमिनींतील सूक्ष्म कृमींच्या पोटांत राहणाऱ्या जीवाणूंमध्यें टॅपिनारोफ हें रसायन आढळलें. तेंही याच कुलुपाची किल्ली ठरलें, आणि त्याच्या एक टक्का मलमास २०२२ सालीं अमेरिकेंत सोरायसिसवर मान्यता मिळाली.

म्हणून, श्रोतेहो, कोणतेंही मलम शेजाऱ्याच्या सांगण्यावरून लावूं नका, डॉक्टरांस विचारा. आणि अंगावर असे चट्टे असलेल्या माणसाजवळ निःशंकपणें बसा. तो मुलगा पुढें आपण होऊन पहिल्या बांकावर आला, त्या दिवशीं मला किती बरें वाटलें, हें मीं अजून विसरलों नाहीं.